एकशेपाच बैठका

व्यायामशाळेत पहिल्या दिवशी आलेला माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो, "मास्तर, किती घालू?" परळच्या एका व्यायामशाळेत मी एकोणीस वर्षं सकाळचा प्रौढांचा वर्ग घेतो आहे, आणि माझं उत्तरही इतकी वर्षं एकच आहे. बारा. बारा बैठका, बारा नमस्कार, आणि घरी जा.

माणूस खट्टू होतो. तो नवा लंगोट घेऊन आलेला असतो, बायकोला सांगून आलेला असतो, चाळीतल्या चौघांच्या कानावर जाईल अशी व्यवस्था करून आलेला असतो. बारा बैठका अंगाला घाम सुटायच्या आत संपतात. एवढ्यासाठी पहाटे पाचला उठलो का, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं.

दिवसा मी लालबागच्या एका म्युनिसिपल शाळेत कवायत शिकवतो. तिथं मुलांना हलवावं लागतं. सकाळचं काम बरोबर उलटं आहे. पस्तिशी-चाळिशीतला माणूस व्यायामाला आला की त्याला थोपवून धरावं लागतं. मनानं तो विसाव्या वर्षात असतो आणि गुडघे मात्र आजचे असतात. पहिल्या आठवड्यात जो फार करतो तो तिसऱ्या आठवड्यात दिसत नाही, हे मी वहीवरून सांगतो. एका वर्षी गणपतीनंतर एकतीस नवे आले. होळीला नऊ उरले. त्या नऊपैकी एकानंही पहिल्या दिवशी बाराच्या वर घातल्या नव्हत्या.

वहीची पद्धत सांगतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. प्रत्येकाचं एक पान. दर सोमवारी दोन वाढवायच्या, चौथ्या सोमवारी काहीच वाढवायचं नाही. रोज वर्ग सुरू होण्याआधी तीन प्रश्न विचारायचे: झोप लागली का, जेवण गेलं का, आणि जिना उतरताना कठडा धरावा लागला का. तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. माणूस तोंडानं काहीही सांगेल, पण कठडा धरला असेल तर तो जरा थांबतो आणि मग "नाही" म्हणतो. ते थांबणंही मी पानावर मांडतो. आमच्या घरात या वहीची थट्टा चालते. बायको म्हणते, आता खाताना पोळ्या मोजायच्या, एवढंच काय ते उरलंय. मी मोजतो हे तिला ठाऊक नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येतात. गिरगावातून एक बँकेतले कारकून ट्रामनं परळला यायचे, कारण गिरगावात ओळखीचं कुणी बघेल. महिन्याभरात मेहुणीचं लग्न होतं आणि जुना कोट पोटावर बसत नव्हता. कोट ते बरोबरच आणायचे. बारा बैठका झाल्या की कोट चढवून बटण लागतं का बघायचे. चौथ्या दिवशीही लागलं नाही, तेव्हा चिडून निघून गेले ते पुन्हा आले नाहीत. कोट पुढे महिनाभर आमच्या खुंटीवर होता. तो तिथंच राहिला, म्हणजे लग्नाला दुसरा घेतला असणार.

काशीनाथ कांबळे हे मात्र टिकलेल्या नऊपैकी. रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर. ज्या वर्षी त्यांच्या चाळीतल्या लोकांनी बौद्ध धम्म घेतला, त्यानंतर पहिल्याच सकाळी ते वर्गाआधी माझ्याकडे आले. सूर्यनमस्कार घालताना आम्ही सूर्याची नावं म्हणत असू. कांबळे म्हणाले, "मास्तर, अंग वाकवीन, नावं घेणार नाही. चालत असेल तर राहतो." मी रात्रभर विचार करावा असं त्यात काही नव्हतं. मी त्या दिवसापासून सगळ्यांनाच नावांऐवजी आकडे म्हणायला लावले. काही जुने लोक कुरकुरले. मला विचाराल तर माझी सोयच झाली. नावं म्हणताना लोक एखादं गाळत. आकडा गाळला तर लगेच पकडता येतो.

आता मुख्य गोष्ट. ती माझ्या चुकीची आहे.

गोळीबारानंतरचं वर्ष होतं ते. मुंबईसह महाराष्ट्र मिळालाच पाहिजे, हे लालबाग-परळच्या भिंतींवर चुन्यानं लिहिलेलं होतं आणि धुतलं तरी दिसत होतं. आमच्या वर्गात सभेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे घसे बसलेले असत आणि आकडे कुजबुजत म्हटले जात. अशा एका सोमवारी भिकाजी घाडी आला. वय एकोणचाळीस, मूळचा कुडाळकडचा, गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा. दिवसाचे आठ तास उभं राहून दोन साचे सांभाळणारा माणूस, तेव्हा पाय काटक असणार असं कुणालाही वाटावं. मलाही वाटलं. उभं राहणं आणि बसून उठणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी इतरांना नेहमी सांगत असे.

त्यानं "किती घालू" असं विचारलं नाही. आकडा घेऊनच आला होता. मारुतीच्या तसबिरीपुढे नारळ ठेवला, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की राज्य होईपर्यंत रोज एकशेपाच बैठका घालणार. एकेका हुतात्म्याची एक. सगळ्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, आकडा ठाऊक आहे.

वर्गात सोळा माणसं होती. सगळे आपापलं थांबवून त्याच्याभोवती उभे राहिले आणि मोजायला लागले. मीही मोजत होतो.

चाळिसाव्या बैठकीला त्याचे गुडघे थरथरू लागले. इथं थांबवायचं, हे मला झोपेतही कळलं असतं. कांबळे माझ्या शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "मास्तर, बारा ना?"

मी म्हणालो, "आज राहू दे."

कारण मला थांबवणं जमलं नाही. चाळिसावर थांबवलं असतं तर पासष्ट माणसं राहिली असती. त्या दिवसांत परळमध्ये असं थांबवणारा माणूस कोण ठरला असता, याचा मी विचार केला. माणसाच्या गुडघ्यांचा करायचा तो विचार मी स्वतःच्या नावाचा केला. एकशेपाच पुऱ्या झाल्या तेव्हा लोकांनी त्याला उचलून धरलं. ते बरंच झालं, कारण त्याला उभं राहता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो भिंत धरत आला. मी तीन प्रश्न विचारले. झोप नाही. जेवण बेताचं. जिन्याचं विचारलं तर हसून म्हणाला, "बसून उतरलो, मास्तर. पायरी पायरी." मी वहीत लिहिलं: जिना बसून. आणि मग तालमीत पिढ्यान्‌पिढ्या जे सांगतात तेच त्याला सांगितलं, की अंग भरलंय, त्याच व्यायामानं ते मोकळं होईल, आज सोडलं तर आखडेल. हे बारा बैठका घातलेल्या माणसाच्या बाबतीत खरं आहे. मी ते एकशेपाच घातलेल्या माणसाला सांगितलं. त्यानं दोरी धरून एकशेपाच घातल्या. तिसऱ्या दिवशी दोघांनी हात धरले तेव्हा पुऱ्या झाल्या. मधे चार वेळा थांबला. तेही वहीत आहे.

चौथ्या दिवशी तो आला नाही. कांबळे आले, तेही कामाच्या कपड्यांत. घाडीची चाळ त्यांच्या वाटेवर होती. म्हणाले, "मास्तर, चला. घाडीला लघवी काळी होतेय."

मी त्याच्या खोलीवर गेलो तेव्हा मांड्या सुजून घट्ट झाल्या होत्या, गुडघा वाकत नव्हता. त्याच्या बायकोनं, पार्वतीबाईंनी, पितळी भांडं पुढे केलं. आत कोऱ्या चहाच्या रंगाचं काहीतरी होतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं मत पडलं होतं की उष्णता झालीय, सब्जा द्या. पार्वतीबाईंनी ते मानलं नव्हतं, भांडं ओतूही दिलं नव्हतं, आणि कांबळ्यांना हाक मारली होती. तो माणूस आज आहे तो या बाईमुळे.

टॅक्सी करून आम्ही त्याला परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं भांडं उजेडात धरून बघितलं, मांड्या दाबल्या आणि विचारलं, काय केलं होतं. मी सांगितलं, तीन दिवसांत तीनशे पंधरा बैठका.

"हिशेब चोख आहे तुमचा," तो म्हणाला. "आणि नव्या माणसानं पहिल्या दिवशी किती घालायच्या?"

"बारा."

"कोण सांगतं असं?"

"मीच सांगतो," मी म्हणालो.

मग तो भांडं खाली ठेवून बोलू लागला. त्यानं समजावून दिलं ते मी इथं लिहितो, कारण व्यायाम सुरू करणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असावं. स्नायूला सवयीबाहेर फार ताण दिला तर तो नुसता दुखत नाही, त्याचे तंतू फुटतात. त्यांतला रंग रक्तात उतरतो आणि तो गाळता गाळता मूत्रपिंड थकतं. बंद पडलं तर माणूस जातो. दुखणं रोज कमी होत गेलं तर चिंता नाही. दुखणं वाढत गेलं, सूज आली, लघवी गडद झाली, तर त्या घटकेला व्यायाम बंद आणि डॉक्टरकडे. सोळा वर्षं मी जिन्याचं विचारत होतो. लघवीच्या रंगाचं एकदाही विचारलं नव्हतं.

पार्वतीबाई बाकावर बसून होत्या. मी जवळ गेलो तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गोळीबारातसून वाचले हे, आणि तुमच्या बैठकांनी मरतले होते."  

आठ दिवस मी शाळा सुटल्यावर इस्पितळात जात होतो. पाणी किती प्याला, लघवी किती झाली, याचा तक्ता नर्सबाई ठेवत. मीही ठेवला. घाडी लाजायचा. पहिले दोन दिवस लघवी फारच थोडी झाली आणि डॉक्टर दिवसातून चारदा येऊन गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी प्रमाण वाढलं, पाचव्या दिवशी रंग उतरला. त्या दिवशी घाडी आपण होऊन बोलला. गोळीबाराच्या वेळी त्याच्या शेजारचे साचे सांभाळणारा सोबती त्याच्याबरोबर होता. त्याला गोळी लागली. घाडीनं त्याला पाठीवर घेतलं. "वीस पावलं, मास्तर," तो म्हणाला. "एकविसाव्याला पाय गेले. मग दुसऱ्यांनी नेला." सोबती वाचला नाही. घाडी वीसच्या जागी शंभर पावलं गेला असता तर काही फरक पडला असता का, हे कुणालाच सांगता येणार नाही. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, ठाऊक आहे.

म्हणजे तो आकडा त्याच्या जिभेवरचा नव्हता, पायातला होता. इतर कुणाला मी म्हणालो असतो, व्यायाम विसरा, सकाळी परळ नाका ते भायखळा चालत जा. त्याला तसं सांगून तो ऐकणार नव्हता, हे मला दिसत होतं.

पाच आठवड्यांनी तो कामावर गेला. तोवर त्याच्या साच्यांवर बदली कामगार उभा होता. खात्यात माणसं नेमणारा जॉबर गाववाला निघाला म्हणून जागा टिकली. आणि त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी घाडी पुन्हा व्यायामशाळेच्या दारात. डॉक्टरनं हळूहळू सुरू करायला हरकत नाही म्हटलं होतं. घाडीनं त्यातलं "सुरू करायला" एवढंच ऐकलं होतं.

"आजपासून पुन्हा एकशेपाच," तो म्हणाला. "मारुतीपुढे बोललोय. मागे फिरता येत नाही."

या वेळी मी तयारी करून आलो होतो. वही उघडून त्याच्यापुढे धरली. एकशेपाच हा फार सोयीचा आकडा आहे, हे मला आदल्या आठवड्यात कळलं होतं. त्याला पाचानं भाग जातो, तीनानं जातो, सातानं जातो. रोज पाच बैठका घातल्या तर आठवड्याच्या पस्तीस, तीन आठवड्यांत एकशेपाच. तिथून सुरुवात करायची. दुखलं नाही तर थोड्या महिन्यांनी रोज पंधरा, म्हणजे एका आठवड्यात एकशेपाच. वर्षभर टिकलं तर पुढे रोज पस्तीस, तीन दिवसांत एकशेपाच. आकडा कुठंच मोडत नाही.

घाडीनं वही बघितली आणि त्याचा चेहरा पडला. "मास्तर, हुतात्मे काय हप्त्यानं मोजायचे?"

वर्गातले दोघे-तिघे हसले.  मी गणित केलं होतं, एवढंच.

कांबळे पंचा पिळत होते. ते तसेच म्हणाले, "अरे घाडी, ते तरी एका दिवशी गेले काय? नोव्हेंबरात गेले, जानेवारीत गेले. जखमी होऊन नंतर गेले. तू होतास ना तिथं? मग एका सकाळी सगळे कशाला मोजतोस?"

 घाडी तसबिरीकडे न जाता सरळ फरशीवर आला, पाच बैठका घातल्या आणि बाजूला झाला. मी वहीत पाच लिहिलं आणि चौथा प्रश्न विचारला. तो संकोचून म्हणाला, "पाण्यासारखी."

तेव्हापासून हा चौथा प्रश्न मी सगळ्यांना विचारतो. आणि आणखी एक केलं. पहिल्या दिवशी आकडा घेऊन जो येतो, त्याला मी आधी विचारतो की हा आकडा कुणाचा. बहुतेकांचा आकडा दुसऱ्याच कुणाचा असतो. कुणाच्या भावाचा, कुणाच्या मालकाचा, कुणाचा पैजेचा. तो कमी करता येत नसेल तर भागता येतो का, हे मी बघतो. त्यामुळे लोक टिकतात. गेल्या तीन वर्षांत माझ्या वर्गात होळीपर्यंत राहणाऱ्यांची संख्या दुपटीला पोचली आहे, आणि इस्पितळात कुणीही गेलेलं नाही.

घाडीची पाचांची मुदत साडेतीन महिने चालली. पंधरांची सव्वा वर्ष. मग पस्तीस, आणि शेवटच्या वर्षात त्या हळूहळू वाढवत नेल्या. मधे दोनदा ताप आला तेव्हा मी पान कोरं ठेवलं आणि वाढ पुढं ढकलली. तो रागावला, पण आला. यंदा मे महिन्याच्या पहिल्या तारखेला, राज्य झालं त्या सकाळी, त्यानं एकशेपाच एका दमात घातल्या. चाळिसाव्याला मी गुडघे बघितले. स्थिर होते. ऐंशीच्या पुढे सावकाश गेला, पण कुठं दोरी नाही, कुणाचा हात नाही. दुसऱ्या दिवशी विचारायचे चारही प्रश्न मी मनात तयार ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, झालं. नवस फिटला की माणूस देवळात जात नाही. वाईट वाटलं, कारण तीन वर्षांत ते पाय तयार झाले होते आणि तीन महिने सोडले तर पुन्हा पहिल्यासारखे होणार. कांबळे म्हणाले, जाऊन या. मी म्हणालो, मोठ्या माणसाच्या मागे लागणं हे माझं काम नाही. अकराव्या दिवशी मी गेलो.

लालबागची त्याची चाळ तीन मजली आहे. दुसऱ्या मजल्याचा जिना चढताना वरून आकडे ऐकू आले. "सात. आठ. पाठ सरळ ठेव रे. नऊ." गॅलरीत सहा माणसं ओळीनं बैठका घालत होती. बहुतेक गिरणीतली, रात्रपाळी करून आलेली. घाडी त्यांच्यासमोर दुरेघी वही घेऊन उभा होता. नळावर बायका होत्या. बाराव्या बैठकीला त्यानं वही मिटली. एकानं आणखी दोन घातल्या, तशी तो त्याच्यावर ओरडला. मग टोकाला भिंतीशी बसलेल्या एका तरण्या साचेवाल्याकडे वळला. "गण्या, तू काल जिना कसो उतरलंस?"

"धरून."

"आणि लघवीचो रंग?"

गण्या नळाकडे बघू लागला. "बायका आसत हो काका."

"बायकोनंच माका वाचवल्यान. सांग."

"साधो आसा."

"मग आज बसून रव. उद्या सहा."

नळावर हसू पिकलं. पार्वतीबाईंनी कळशी खाली ठेवताना मला पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "इले तुमचे मास्तर." घाडी पुढे आला. व्यायामशाळेत का येत नाही, हे मी विचारायच्या आधीच त्यानं सांगितलं, की या मजल्यावर एकवीस खोल्या आहेत आणि त्यातले सगळे पाळी करून परळपर्यंत चालत येणार नाहीत. मी त्याच्या हातातली वही घेतली. प्रत्येकाचं एक पान. चौथ्या सोमवारचा रकाना कोरा. चुका शोधल्या, एकच सापडली, ती बेरजेची होती.

मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या सहा जणांना म्हणाला, "हे मास्तर. ह्यांनीच मला पहिल्या दिवशी एकशेपाच घालू दिल्या, आणि ह्यांनीच मग पाचावर आणला."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी वही त्याला परत दिली.

"पहिल्या दिवशी नाही," मी म्हणालो. "तीन दिवस."